राखणदार नव्हे, साक्षीदार!

एक प्रसंग डोळ्यांसमोर आणा. मे महिन्यातली सकाळ. दिल्लीच्या मयूर विहार फेज-वनमधलं डीडीएच्या घरांचं एक पॉकेट. मदर डेअरीच्या बूथवरून दुधाच्या पिशव्या घेऊन परतणाऱ्या एक मराठी गृहिणी जिन्यापाशी येतात आणि थबकतात. रात्री नीट लावलेली गाडी आज अशी बुटकी का दिसतेय? जवळ जाऊन पाहतात तर चारही चाकं गायब! गाडी चार ठिकाणी रचलेल्या विटांवर उभी.

‘‘अहो, आधी खाली या! गाडी बघा आपली!’’

पाच मिनिटांत अर्धं पॉकेट गोळा होतं. तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ धीर देतात, ‘‘भाईसाहब, घबराइए मत. कैमरे में सब आ गया होगा.’’ सहा महिन्यांपूर्वीच त्यांनी आपल्या बाल्कनीत कॅमेरा बसवलेला असतो. सगळे त्यांच्या मोबाइलभोवती माना घालतात. चित्रात दोन टोप्या दिसतात, दोन वाकलेल्या पाठी दिसतात. चेहरा मात्र एकही नाही. कोपऱ्यातली वेळ तेवढी स्वच्छ वाचता येते : पाच वाजून दहा मिनिटं.

बस्स! पाचच्या ठोक्याला रात्रपाळीचा चौकीदार मुख्य फाटक उघडतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं. मग काय, फाटक उघडून हा चहा प्यायला गेला असणार, असं एक जण म्हणतो. दुसरा आणखी पुढे जातो, ‘‘मिला हुआ होगा.’’ नऊ वाजेपर्यंत आठ वर्षं इमानाने पहारा देणाऱ्या माणसाची नोकरी जायची वेळ येते.

त्याच गृहिणी तेवढी ती चित्रफीत पुन्हा पुन्हा पाहत राहतात. शेवटी नवऱ्याला म्हणतात, ‘‘अहो, मे महिन्यात पाच-दहाला एवढा मिट्ट काळोख असतो का? मी दुधाला निघते तेव्हा तर ऊन आलेलं असतं.’’

तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ कॅमेऱ्याचं चालू चित्र उघडतात आणि कोपऱ्यातलं घड्याळ हातातल्या घड्याळाशी ताडून बघतात. कॅमेरा बरोबर अडीच तास पुढे! कॅमेरा चिनी बनावटीचा. त्याचं घड्याळ बसवताना चीनच्या वेळेवरच राहून गेलेलं. म्हणजे चोरी झाली ती पाच-दहाला नव्हे, दोन-चाळीसला. तेव्हा फाटकाला कुलूप होतं आणि चौकीदार पॉकेटच्या दुसऱ्या टोकाला शिट्टी वाजवत होता. चोर आले ते मागच्या पडक्या भिंतीवरून!

प्रसंग कल्पनेतला आहे, पण अशी सकाळ मयूर विहारातच काय, ठाण्यात किंवा नागपुरातही कोणाच्याही वाट्याला येऊ शकते. कॅमेरा होता, चित्रणही होतं. तरी चाकं गेलीच, चोर ओळखता आला नाही आणि वर एका निरपराध माणसावर आळ आला. कॅमेरा घेताना आपण त्याला राखणदार समजतो, इथेच पहिली चूक होते. कॅमेरा ओरडून चोराला पळवत नाही, त्याचा हात धरत नाही. तो फक्त पाहतो आणि नंतर सांगतो. तो राखणदार नव्हे, साक्षीदार आहे. आणि साक्षीदाराला लागणारे गुण त्याच्याकडे हवेत : नजर चांगली हवी, स्मरण पक्कं हवं, वेळ अचूक सांगता यायला हवी, कोर्टात उभं राहता यायला हवं आणि नको तिथे डोकावण्याची खोड नको.

गल्ल्या जुन्या, गाड्या नव्या

यमुनेच्या पूर्वेला मयूर विहारची पॉकेटं बांधली गेली, तेव्हा मध्यमवर्गीय घरात गाडी असणं ही अपूर्वाई होती. तीन-चार मजली, लिफ्ट नसलेल्या इमारती, मधून छोट्या गल्ल्या, कडेला थोडी हिरवळ. आज त्याच गल्ल्यांत घराला एक, क्वचित दोन गाड्या आहेत. २००९ मध्ये मेट्रो आली, तरी गाड्या कमी झाल्या नाहीत. गॅरेज नाही, कुंपण नाही. तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्याची गाडी चार इमारती पलीकडे, जिथे जागा मिळेल तिथे लागते. त्यातच नोएडा आणि गाझियाबाद, म्हणजे उत्तर प्रदेशची हद्द, हाकेच्या अंतरावर. चोरलेली गाडी काही मिनिटांत दुसऱ्या राज्यात जाऊ शकते.

दिल्ली सरकारने २०१९ पासून वस्त्यांमध्ये आणि बाजारपेठांत मोठ्या प्रमाणावर कॅमेरे बसवायला सुरुवात केली. पहिल्या टप्प्यात सत्तर मतदारसंघांत प्रत्येकी २,००० कॅमेऱ्यांची योजना होती. पण सार्वजनिक कॅमेरा रस्त्याकडे पाहतो. आपली गाडी लागते त्या कोपऱ्याकडे त्याचं लक्ष असेलच असं नाही. म्हणून स्वतःचा कॅमेरा घ्यावासा वाटणं स्वाभाविक आहे. प्रश्न एवढाच की तो कसा निवडायचा आणि कुठे लावायचा.

आधी प्रश्न, मग कॅमेरा

दुकानात गेलं की विक्रेता मेगापिक्सेलपासून सुरुवात करतो. खरेदीची सुरुवात मात्र एका प्रश्नाने व्हायला हवी : या कॅमेऱ्याने आपल्याला नेमकं काय सांगायला हवं?

घरगुती कॅमेऱ्याचा इतिहासच या प्रश्नापासून सुरू होतो. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहणाऱ्या मेरी व्हॅन ब्रिटन ब्राऊन या परिचारिका होत्या. त्यांच्या आणि पतीच्या कामाच्या वेळा विचित्र, त्यामुळे घरात एकटं राहण्याची वेळ वरचेवर यायची. वस्तीत गुन्हे वाढलेले. रात्री दार वाजलं की बाहेर कोण आहे, हे दार न उघडता कळावं एवढीच त्यांची गरज होती. १९६६ मध्ये त्यांनी इलेक्ट्रॉनिक्सचे जाणकार असलेले पती अल्बर्ट यांच्यासह दाराची भोकं, त्यांमागे वर-खाली सरकणारा कॅमेरा, आतल्या खोलीत पडदा, बोलण्यासाठी माइक आणि धोक्याची सूचना देणारं बटण अशी रचना केली. १९६९ मध्ये त्याचं पेटंट मिळालं. एक प्रश्न आणि त्याला नेमकं उत्तर देणारं एक यंत्र!

गाडीच्या बाबतीत तीन वेगळे प्रश्न असू शकतात. गाडीला ओरखडा कोणी पाडला? चाकं किंवा आरसा कोणी नेला? गाडीच पळवली तर ती कोणत्या बाजूने आणि कधी गेली? पहिल्या प्रश्नासाठी कॅमेऱ्याला गाडी पूर्ण दिसायला हवी. दुसऱ्यासाठी चेहरा दिसायला हवा. तिसऱ्यासाठी गल्लीचं तोंड दिसायला हवं. हे सगळं एकाच कॅमेऱ्यात बसवायला गेलं की हाती टोप्या आणि पाठी येतात.

दिसणं वेगळं, ओळखू येणं वेगळं

बाजारात सगळ्यांत जास्त खपणारा घरगुती कॅमेरा दोन मेगापिक्सेलचा असतो. त्याच्या चित्रात आडव्या रेषेत १,९२० ठिपके असतात. हे ठिपके किती रुंद दृश्यावर पसरतात, यावर सगळं अवलंबून आहे. २.८ मिलिमीटरची भिंग रुंद नजरेची. दहा मीटर अंतरावर ती सुमारे पंचवीस मीटर रुंदीचं दृश्य टिपते. अख्खी गल्ली दिसते, म्हणून गिऱ्हाईक खूश होतं. पण हिशेब केला तर एका मीटरच्या वाट्याला जेमतेम ७५ ठिपके येतात. माणसाचा चेहरा साधारण पंधरा सेंटिमीटर रुंद. म्हणजे अख्ख्या चेहऱ्याला अकरा-बारा ठिपके! एवढ्यात सख्खा भाऊही ओळखू यायचा नाही. गाडीची नंबरप्लेट ५०० मिलिमीटर लांब. तिच्या दहा अक्षर-आकड्यांना मिळून ३७-३८ ठिपके.

या क्षेत्रात एक आंतरराष्ट्रीय मापदंड वापरला जातो. कोणीतरी आहे एवढंच कळायला मीटरला २५ ठिपके पुरतात. ओळखीचा माणूस ओळखायला १२५ लागतात. अनोळखी माणसाची ओळख खात्रीने पटवायला २५० हवेत. तोच दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा सहा मिलिमीटरच्या भिंगेसह घेतला, तर दहा मीटरवर दृश्य सुमारे दहा मीटर रुंद होतं आणि मीटरला दोनशेच्या आसपास ठिपके मिळतात. साडेसात मीटरवर तर अडीचशे ओलांडतात. मेगापिक्सेल तेवढेच, पण भिंग बदलली की साक्ष बदलते. म्हणून दुकानदाराला पहिला प्रश्न ‘‘किती मेगापिक्सेल?’’ असा नको. ‘‘भिंग किती मिलिमीटरची?’’ असा हवा. घरातून निघण्यापूर्वी कॅमेऱ्याची जागा आणि गाडी यांच्यातलं अंतर पावलांनी का होईना, मोजून घ्यावं.

दुसरी गोष्ट उंचीची. तिसऱ्या मजल्यावरून खाली रोखलेला कॅमेरा गाडीचं छप्पर आणि चोराची टोपीच दाखवणार. चेहरा हवा तर कॅमेरा जमिनीपासून आठ-दहा फुटांवर हवा. हात पोहोचू नये इतका वर, चेहरा दिसावा इतका खाली. आणि तो गाडीवरच रोखायला हवा असं नाही. चोर गाडीपाशी पाठमोरा वाकलेला असतो. गल्लीत शिरताना मात्र तो समोरून चालत येतो. म्हणून शक्य असेल तर दोन कॅमेरे घ्यावेत. एक रुंद नजरेचा, पहिल्या मजल्यावरून गाड्यांवर लक्ष ठेवणारा. दुसरा अरुंद नजरेचा, गल्लीच्या तोंडाशी येणाऱ्याचा चेहरा टिपणारा. एकच घ्यायचा झाला तर तो गल्लीच्या तोंडाला लावणं बहुतेकदा जास्त शहाणपणाचं.

रात्र, धुकं आणि कोळ्याचं जाळं

दुपारी बारा वाजता दाखवलेलं चित्र पाहून कॅमेरा पसंत करू नये. चोरी रात्री होते. तेव्हा परीक्षाही रात्रीच घ्यावी. बहुतेक कॅमेरे अंधारात डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण फेकतात आणि कृष्णधवल चित्र देतात. पण नंबरप्लेट प्रकाश परत फेकणाऱ्या पदार्थाची असल्याने समोरून आलेल्या या किरणांत ती पांढरीफटक पडते, आकडे दिसत नाहीत. प्लेट वाचायचीच असेल तर कॅमेरा थोडा तिरका लावावा किंवा गल्लीतल्या दिव्याच्या उजेडाचा उपयोग करावा. खरं तर गल्लीतला बंद पडलेला दिवा पाठपुरावा करून सुरू करवून घेणं, हा कॅमेऱ्यातली सर्वांत स्वस्त सुधारणा आहे. खिडकीच्या काचेआड कॅमेरा ठेवण्याची युक्तीही फसते. रात्री किरण काचेवरून परततात आणि चित्रात नुसता पांढरा झोत उरतो.

दिल्लीची हवा ही आणखी एक परीक्षा. मे-जूनचा पंचेचाळीस अंशांचा उन्हाळा, धुळीची वादळं, जुलैचा पाऊस आणि जानेवारीचं दाट धुकं. बाहेरच्या कॅमेऱ्यावर आयपी-६६ किंवा आयपी-६७ असा दर्जा लिहिलेला असावा; म्हणजे धूळ आणि पाण्याचा मारा तो सोसतो. धुक्यात मात्र महागडा कॅमेराही फार दूर पाहू शकत नाही, हे मान्य करून तो गाडीच्या जवळच लावलेला बरा. कोळी भिंगेसमोर हौसेने जाळं विणतो आणि रात्री ते जाळं चित्रभर चमकतं. महिन्यातून एकदा मऊ फडक्याने भिंग पुसणं, हे पंख्यावरची धूळ पुसण्याइतकंच घरकाम समजावं.

स्मरण किती दिवसांचं?

दोन मेगापिक्सेलचा एक कॅमेरा सतत चालू राहिला तर दिवसाला साधारण वीस-बावीस जीबी चित्रण साठतं. कॅमेऱ्यातच १२८ जीबीचं कार्ड घातलं असेल तर पाच-सहा दिवस पुरतं. मग जुन्यावर नवं चढतं. आता विचार करा : दिल्लीतलं मराठी कुटुंब गणपतीला पंधरा दिवस गावी जातं. दुसऱ्या दिवशी गाडीला कोणी तरी धडक देऊन जातं. कुटुंब परत येईपर्यंत साक्षीदार सगळं विसरून गेलेला असतो! एक टीबीची हार्ड डिस्क असलेला रेकॉर्डर एका कॅमेऱ्याचं सुमारे पंचेचाळीस दिवसांचं आणि दोन कॅमेऱ्यांचं बावीस-तेवीस दिवसांचं चित्रण सांभाळतो. रेकॉर्डर घरात, कपाटाच्या आत ठेवावा. कार्ड केवळ कॅमेऱ्यातच असेल तर चोर कॅमेऱ्यासकट साक्षही घेऊन जातो.

बिनतारी, म्हणजे वाय-फायवरचा कॅमेरा लावायला सोपा, पण दोन भिंतींपलीकडे त्याचा संपर्क रडतखडत चालतो. तार ओढणं शक्य असेल तर एकाच तारेतून वीज आणि चित्र दोन्ही नेणारी पद्धत अधिक भरवशाची. ती शंभर मीटरपर्यंत चालते. रेकॉर्डर आणि राउटर इन्व्हर्टरवर घ्यावेत. वीज गेल्यावर गल्ली अंधारी होते, नेमका तेव्हाच साक्षीदार झोपायला नको.

बसवणारा कारागीर निघण्यापूर्वी दोन गोष्टी त्याच्यासमोरच करून घ्याव्यात. पहिली, वेळ. ती भारतीय वेळेवर आणि इंटरनेटवरून आपोआप जुळणारी ठेवावी. चौकीदाराचा प्रसंग आठवावा! दुसरी, पासवर्ड. कारखान्यातून आलेला पासवर्ड जसाच्या तसा ठेवणं म्हणजे कुलूप लावून किल्ली बाहेरच टांगणं. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या घातक प्रणालीने जगभरातले असेच पासवर्ड न बदललेले कॅमेरे आणि रेकॉर्डर ताब्यात घेतले आणि त्यांच्याच जोरावर ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतल्या अनेक बड्या संकेतस्थळांना तासन्‌तास ठप्प केलं. भारत सरकारनेही सीसीटीव्ही कॅमेऱ्यांसाठी सुरक्षेच्या आवश्यक कसोट्या ठरवल्या असून त्या ९ एप्रिल २०२५ पासून लागू आहेत. जुना पडून राहिलेला माल सवलतीत मिळतोय म्हणून उचलण्यापूर्वी हे विक्रेत्याला जरूर विचारावं.

कोर्टात उभा राहील का?

चित्रण मिळालं की बहुतेक लोक ते व्हॉट्सअॅपवर पाठवून मोकळे होतात. तिथे ते आकसतं आणि त्याचा दर्जा उतरतो. शिवाय कायद्याच्या दृष्टीने नकलेची किंमत वेगळी असते. याचा धडा देणारा गाजलेला खटला महाराष्ट्रातलाच आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालना मतदारसंघातून अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. त्यांचा उमेदवारी अर्ज मुदत टळल्यावर स्वीकारला गेला, असं म्हणत कैलास गोरंट्याल न्यायालयात गेले. पुरावा होता निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या व्हिडिओ चित्रणाचा. पण त्या नकलेसोबत कायद्याने लागणारं प्रमाणपत्र काही मिळेना. १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की मूळ यंत्रच कोर्टात हजर केलं तर प्रश्न नाही, पण नक्कल द्यायची तर प्रमाणपत्र हवंच. ते मिळवण्यासाठी सगळे प्रयत्न करूनही ते हाती न आलेल्या पक्षकाराची अडचण मात्र न्यायालय समजून घेऊ शकतं.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्येही हे प्रमाणपत्र आहे. त्याचे दोन भाग असतात : एक पुरावा देणाऱ्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. घरच्या माणसाने कायदा पाठ करायची गरज नाही. मूळ चित्रण रेकॉर्डरमध्ये तसंच राहू द्यावं, त्यावर काटछाट करू नये. त्या दिवसाचं चित्रण पुसलं जाण्याआधी वेगळं उतरवून घ्यावं. ते कोणी, कधी, कोणत्या यंत्रातून उतरवलं आणि यंत्राचं घड्याळ खऱ्या वेळेपेक्षा किती पुढे-मागे होतं, हे वहीत लिहून ठेवावं. पोलिसांना पेन ड्राइव्ह दिला तर पोच घ्यावी.

आणि गाडीच गेली असेल तर चित्रण शोधत बसण्यात पहिला तास घालवू नये. आधी ११२ वर फोन. दिल्लीत वाहनचोरीची तक्रार इंटरनेटवरूनही नोंदवता येते. त्याच दिवशी विमा कंपनीला लेखी कळवावं आणि दोन्ही किल्ल्या जपून ठेवाव्यात. कंपनी त्या मागते. केवळ तृतीय पक्षाचा विमा असेल तर चोरीची भरपाई मिळत नाही, हे चोरी होण्याआधी तपासायचं.

शेजाऱ्याचं दार

आता सर्वांत नाजूक मुद्दा. गाडीवर रोखलेल्या कॅमेऱ्यात समोरच्या घराचं दार येतं. तळमजल्यावरच्या काकूंकडे कोण आलं, त्यांची मुलगी रात्री किती वाजता परतली, हे सगळं त्यात नोंदलं जातं. काकू म्हणतात, ‘‘तुमच्या गाडीसाठी आमच्यावर पाळत कशाला?’’ त्यांचं म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नाही. खासगीपण हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितलं आहे.

युरोपात तर हा वाद थेट वरच्या न्यायालयात गेला. चेक प्रजासत्ताकातल्या रिनेश नावाच्या गृहस्थांच्या घरावर हल्ले होत होते, खिडक्या फुटत होत्या. त्यांनी छपराखाली कॅमेरा लावला. २००७ मध्ये पुन्हा काच फुटली तेव्हा चित्रणामुळे दोन संशयित सापडले. त्यांतल्या एकाने तक्रार केली की या कॅमेऱ्याने आपल्याला रस्त्यावर टिपलं, त्याला परवानगी होती का? डिसेंबर २०१४ मध्ये युरोपीय न्यायालयाने निकाल दिला : घरावरचा कॅमेरा सार्वजनिक रस्ता टिपत असेल तर ती निव्वळ घरगुती बाब राहत नाही. मात्र घराचं आणि कुटुंबाचं रक्षण करण्याचा मालकाचा रास्त हेतूही विचारात घेता येतो, असंही न्यायालयाने म्हटलं. म्हणजे दोन्ही बाजू तोलायच्या.

आपल्याकडे कोलकात्यात एकाच घरात राहणाऱ्या दोन भावांचा वाद झाला. फेब्रुवारी २०२५ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने सांगितलं की घराच्या राहत्या भागात सहरहिवाशाच्या संमतीशिवाय कॅमेरा चालवता येणार नाही. त्या वर्षीच्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप करायला नकार दिला. गल्ली म्हणजे राहती खोली नव्हे, हे खरं. पण संमती विचारण्याची रीत दोन्हीकडे शोभते.

त्यावर उपाय अवघड नाहीत. कॅमेरा थोडा वळवला की बहुतेकदा दार चित्रातून निघून जातं. नाहीच निघालं तर बहुतेक कॅमेऱ्यांत चित्राचा एखादा चौकोन काळा करण्याची सोय असते; ती काकूंसमोर बसूनच वापरावी. आवाज टिपण्याची सोय बंद ठेवावी. गाडीच्या रक्षणासाठी शेजाऱ्यांचं बोलणं लागत नाही. सामायिक भिंतीवर किंवा जिन्यात कॅमेरा लावायचा तर रहिवासी संघाशी आणि त्या जिन्यातल्या सगळ्या घरांशी आधी बोलावं. चित्रण कोण पाहणार आणि किती दिवसांनी पुसलं जाणार, हेही ठरवून टाकावं. ‘येथे कॅमेरा आहे’ ही पाटी लावावी. शेजाऱ्याला अंधारात ठेवलेलं नसतं आणि चोरालाही विचार करावा लागतो!

चाकं वाचवायची तर

कॅमेरा साक्षीदार आहे म्हटल्यावर राखणीचं काम दुसऱ्या कोणाला तरी द्यायला हवं. खास किल्लीशिवाय न निघणारे चाकांचे नट, स्टिअरिंगला आणि गिअरला लावायची भक्कम कुलपं, लपवून बसवलेला जीपीएस ट्रॅकर, हे सगळं चोराचा वेळ खातं किंवा माग सोडतं. चोराला सर्वांत नकोसा असतो तो वेळ. आजच्या गाड्यांची इलेक्ट्रॉनिक किल्ली नक्कल करून फसवता येते, पण स्टिअरिंगवरचं लोखंडी कुलूप कापायला आवाज होतो आणि मिनिटं जातात. गाडी दूर लागत असेल तर गाडीतच बसणारा डॅशकॅम हा पर्याय आहे. मात्र दिल्लीच्या उन्हात बंद गाडी भट्टी होते. म्हणून आत लिथियम बॅटरीऐवजी कपॅसिटर असलेला आणि गाडीची बॅटरी उतरू लागली की स्वतःहून बंद होणारा घ्यावा.

आणि पुन्हा त्या मे महिन्यातल्या सकाळकडे. दुपारी सगळे पांगल्यावर नवरा-बायको फाटकापाशी जातात. चौकीदार खुर्चीतून उठून उभा राहतो. ‘‘भैया, ग़लती घड़ी की थी, और हमारी भी,’’ गृहिणी म्हणतात. तो काही बोलत नाही. मग नव्या कॅमेऱ्याची जागा कुठली असावी, हे ते त्यालाच विचारतात. तो त्यांना मागच्या पडक्या भिंतीपाशी घेऊन जातो, कुठून माणूस चढू शकतो ते दाखवतो, कुठला दिवा तीन महिन्यांपासून बंद आहे ते सांगतो. आठ वर्षं रात्रभर फिरणाऱ्या माणसाला पॉकेटची प्रत्येक फट पाठ असते. आजवर त्याला कोणी विचारलंच नव्हतं.

रविवारी भिंतीची डागडुजी होते. दिवा लागतो. कॅमेरा नऊ फुटांवर बसतो, त्याचं तोंड काकूंच्या दाराकडून वळवलेलं. कारागीर निघायच्या आधी गृहिणी खालून विचारतात, ‘‘वेळ किती दाखवतोय?’’ आणि उत्तर आपल्या मनगटाशी ताडून घेतात.